सहा फ्रेमची माफी

वार्काउस, ४ सप्टेंबर

राउनो,

खेळ पोचला. खोक्यावर तुझी सही आहे, आत चिठ्ठी नाही. मेलेल्या भावाच्या बायकोला दोन ओळी लिहायला तुला वेळ झाला नाही, सहीला झाला.

फोन केला तर तू उचलत नाहीस. घरच्या मेलचा पत्ता अजून ताइस्तोच्या नावाचा आहे, तो मी उघडत नाही. म्हणून कागदावर लिहिते.

शुक्रवारपासून खेळतेय. दिसायला सगळं जसंच्या तसं आहे, तेवढं कबूल करते. एवढ्या मोठ्या टीव्हीवर, एवढ्या महागड्या नव्या यंत्रावर, आणि तरी ठिपका न् ठिपका मोजता येईल असं चित्र, आपल्या तरुणपणी असायचं तसं. गमबूट घातलेली सोळा ठिपक्यांची बाई, हातात बादली, दलदलीतल्या एका गवताच्या उंचवट्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत हिल्ला नावाची नारिंगी रानफळं वेचत उजवीकडे जाते. पाय चुकला की चिखल. त्या चिखलाचा आवाजसुद्धा ताइस्तोचाच आहे, लापशीच्या भांड्यात बूट घालून काढलेला. ते भांडं मी नंतर फेकून दिलं होतं.

पण चौथ्या पडद्यावर मी नव्वद वेळा बुडाले. नव्वद. हाच पडदा मी तीन प्रयत्नांत पार केलेला आहे, आणि ताइस्तो शेजारी बसून बघत होता.

काय झालंय ते मला कळतं. मी रुग्णालयाच्या धुलाईघरात तीस वर्षं चादरी इस्त्री केल्या म्हणून मला काही कळत नाही असं समजू नकोस. पाय काठावरून सुटला तरी सहा फ्रेमपर्यंत उडी मान्य करायची, असं ताइस्तोने ठरवलं होतं. सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. डोळ्याला दिसत नाही, हाताला कळतं. तो त्याला माफी म्हणायचा. तू ती काढून टाकलीस. काठ संपला की बाई दगडासारखी खाली.

आपला नियम तुला आठवत नसेल तर सांगते. तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर चौकटीच्या कागदावर पडदा काढायचा. शुक्रवारी तू त्याचा खेळ करून पाठवायचास. शनिवारी अंघोळीसाठी सौना तापेपर्यंत मी खेळायची. दहा प्रयत्नांत मी पार झाले तर पडदा राहील, नाही तर खोडरबर. असे अठरा पडदे माझ्या हातावर मापलेले आहेत. एकोणिसावा, शेवटचा, त्याने मला दाखवला नाही. कागद हाताने झाकून बसायचा. "तो तुझ्यासाठी आहे," म्हणाला, "उड्या मारत तिथपर्यंत ये, मग बघ."

फेब्रुवारीत तो गेला. तेव्हापासून मी या खेळाची वाट बघतेय, आणि तू मला चौथ्याच्या पुढे जाऊ देत नाहीस.

माफी परत घाल.

हिल्का


टाम्परे, १२ सप्टेंबर

श्रीमती हिल्का,

तुमचं पत्र मिळालं.

खेळातून कोणतीही माफी काढलेली नाही. खेळ कठीण आहे, कारण असे खेळ कठीणच असतात. लोक ते त्याच्यासाठीच घेतात. तीन मासिकांनी आमच्या उड्यांचं कौतुक केलं आहे. एकाने लिहिलं आहे की इतकी निष्ठुर आणि इतकी न्यायी दलदल वीस वर्षांत पाहिली नाही. तुमच्या एका तक्रारीवरून ती बदलता येणार नाही.

ज्यांना अवघड जातं त्यांच्यासाठी मुख्य यादीत 'मदत' अशी सोय आहे. ती चालू केली की बाई बुडत नाही. कृपया ती वापरावी.

दुसऱ्या खेळाच्या रेखाटनांची निळी फाइल तुमच्याकडे आहे. नोव्हेंबरपर्यंत ती मिळाली तर बरं होईल.

राउनो


वार्काउस, १६ सप्टेंबर

राउनो,

मला 'तुम्ही' म्हणायला लागलास. दफनानंतरच्या कॉफीला माझ्या मोरीवर बनियनवर उभा राहून कप घासत होतास, तेव्हा 'हिल्का, फडकं कुठे ठेवतेस गं' म्हणाला होतास. सहा महिन्यांत मी श्रीमती झाले. चांगली प्रगती आहे.

तुझी 'मदत' चालू करून बघितली. बाईच्या कमरेला लहान मुलांची पोहायची रबरी रिंग आली, लाल-पांढरी. चिखलात पडली की बदकासारखी तरंगते. ही रिंग ताइस्तोने काढलेली नाही. त्याचे गोल नेहमी खाली जरा चपटे असायचे, वजन दिसावं म्हणून. हा गोल गणिताचा आहे, म्हणजे तुझा. माझ्यासारख्या बाया कमरेला रिंग बांधून तरंगताना तुला गंमत वाटली असणार.

मी बंद केली ती. रिंग बांधून मी त्याच्यापर्यंत जाणार नाही.

वाचनालयाची गाडी गुरुवारी येते, तिच्यातून जुन्या खेळांवरचं एक जाडं पुस्तक आणलंय. त्यात लिहिलंय की खेळाडूला कधी कळू न देता थोडं झुकतं माप देणं ही या धंद्यातली जुनी सभ्यता आहे. वाच कधीतरी. मासिकं वाचण्यापेक्षा बरं.

निळी फाइल माझ्या मांडीवर आहे. त्रेचाळीस कागद. छान आहेत, त्याची शेवटची रेघ थरथरतेय पण बाकी सगळं आहे. माफी परत आली नाही तर ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी सौनाच्या चुलीत घालीन. कागद जाड आहे, नीट पेटेल.

आणि एक. एकोणिसाव्या पडद्यावर काय आहे ते मला सांगू नकोस. तुला माहीत आहे हे मला माहीत आहे. सांगू नकोस.

हिल्का


टाम्परे, २३ सप्टेंबर

हिल्का,

बरं, 'तू' तर 'तू'.

चुलीत घालायची धमकी देतेस? मग मीही देतो. एक कागद जरी पेटवलास तर शेवटच्या पडद्यावर काय आहे ते पोस्टकार्डावर लिहून पाठवीन, मोठ्या अक्षरांत, आणि ते तुझ्या दारातल्या चटईवर सुलटं पडेल. वाचायचं नाही असं ठरवूनही तुला वाचल्याशिवाय राहवणार नाही. तुला छापील काहीही दिसलं की डोळे आवरत नाहीत. दुधाच्या खोक्याचं पाठचंही वाचतेस.

आता तू जे मागत होतीस ते देतो. खरं ऐक.

खेळात माफी आहे. सहा फ्रेम. ताइस्तोने मला सांगितली तेवढी. एकही कमी नाही.

तुम्ही दोघं शनिवारी जे खेळत होतात ते सहावर नव्हतं.

यंदाच्या नाही, गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये मी तुमच्याकडे आलो होतो. तू दुकानात गेली होतीस. तो दुसऱ्या पडद्यावर खेळत होता आणि पडत होता. अंगठा उशिरा खाली जात होता, मला दिसत होतं. चौथ्यांदा पडल्यावर त्याने हातातलं यंत्र ठेवलं आणि म्हणाला, "कॉफी घ्यायची का." स्वतः काढलेला पडदा. ज्या माणसाने मला सात वर्षांचा असताना उडी मारायला शिकवलं, तो. मी कॉफी प्यायलो आणि दोन तास गाडी चालवत घरी आलो.

पुढच्या शुक्रवारी तुम्हाला पाठवलेल्या खेळात नऊ फ्रेम घातल्या. त्याला सांगितलं नाही. जूनमध्ये चौदा. डॉक्टरांनी नवी गोळी दिली तेव्हा सतरा. शेवटच्या हिवाळ्यात बावीस. बावीस म्हणजे बाई जमीन संपल्यावर हवेत चालते, हिल्का. दर शुक्रवारी मला वाटायचं आज पकडतील. तुम्ही पकडलं नाही. शनिवारी तो फोन करायचा, "हिल्का तीनमध्ये पार."

तर तुझ्या दहा प्रयत्नांच्या नियमाबद्दल मला काही सांगू नकोस. तू चांगली खेळत नव्हतीस. तुला कोणी पडू देत नव्हतं.

दुकानात पाठवताना मी सहा केलं, कारण त्याने माझ्याकडून वचन घेतलं होतं. सहा, कमी नाही, जास्त नाही. तू ज्याच्यावर आग पाखडतेस ते त्याचंच आहे. माझी फक्त रबरी रिंग आहे, आणि तो गोल चुकलाय हे मलाही दिसतं.

राउनो


वार्काउस, १९ ऑक्टोबर

राउनो,

तीन आठवड्यांवर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर पोस्टाने न्यायला नकार दिला असता असं काहीतरी लिहिलं असतं.

आधी मला तुझं खरं वाटलं नाही. मग मी अठरा कागद जमिनीवर मांडले. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात त्याने पेन्सिलीने सहा लिहिलंय. मला वाटायचं तो पानाचा काहीतरी हिशोब आहे. मी वाचते खरी, पण कोपरे वाचत नाही.

मग हे आठवलं. जानेवारीत, तो अंथरुणावर उशीला टेकून बसला होता. मी बारावा पडदा एका दमात पार केला आणि त्याच्याकडे बघितलं. तो पडद्याकडे बघत म्हणाला, "राउनोचा हात सैल पडत चाललाय." मी म्हटलं, "म्हणजे?" तर म्हणाला, "म्हातारा होतोय तो. काही नाही. खेळ तू." मला वाटलं तुझ्या संधिवाताबद्दल बोलतोय.

त्याला माहीत होतं. चाळीस वर्षं ठिपके मोजणाऱ्या माणसाला बाई हवेत चालतेय हे दिसणार नाही? तू त्याला फसवत होतास आणि तो तुला फसवू देत होता. दोघं भाऊ एकमेकांना सांभाळत होतात, आणि मध्ये मी, शनिवारी टाळ्या घेणारी. सौनात जाताना मी त्याला सांगायची, बघ, साठी ओलांडली तरी हात कसा चालतो. तो हसायचा. आता मला कळतं की तो कशाला हसत होता ते मला कधीच कळणार नाही.

मला कोणी विचारलं नाही. मला सहावर पडू दिलं असतंत तर चाललं असतं. तो समोर असताना पडले असते. त्याने सांगितलं असतं कुठे चुकतंय. ते शनिवार तू घेतलेस, राउनो. आता पडायला मी एकटी आहे.

फाइल जाळणार नाही. पाठवणारही नाही.

सहावर खेळतेय. चौथा पार झाला, पाचवा आणि सहावाही. सातव्यावर आहे. यापुढे मला कोणी हात द्यायचा नाही. हे सरळ भाषेत लिहिलंय.

हिल्का


टाम्परे, ४ नोव्हेंबर

हिल्का,

त्याला माहीत होतं हे तू स्वतःची समजूत काढायला म्हणतेस. त्याला काही माहीत नव्हतं. असतं तर मला शिव्या घातल्या असत्या. चुकीच्या रंगाच्या एका ठिपक्यावरून त्याने मला आठवडाभर बोलू दिलं नव्हतं, तुलाही आठवत असेल. असा माणूस बावीस फ्रेम गिळून गप्प बसेल?

काल मृतांच्या दिवशी थडग्यावर आलो होतो. तू येऊन गेली होतीस, तुझ्या दोन मेणबत्त्या होत्या. मी माझी बाजूला लावली. तू नव्हतीस ते बरं झालं.

खेळात किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत, यंत्र त्या स्वतःच उतरवून घेईल. तुला काही करावं लागणार नाही.

राउनो


वार्काउस, १४ नोव्हेंबर

राउनो,

सातवा पार.

आणि आठवा, नववा, दहावा. चार दिवसांत. काल अकराव्यावरचा हलता ओंडका, ज्याच्यावर मासिकवाल्याने अर्धं पान लिहिलंय, तो सहा प्रयत्नांत. सहा, आणि माफीही सहाच. त्याच्या सहावर, माझ्या हाताने.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. पण हे सांगायला दुसरं कोणी नाही. शेजारची इर्मेली विचारते, "अजून त्या बाईला चिखलातून फिरवतेस का?" मी म्हणते, "फिरवते." तिला एवढं पुरतं. तुला माहीत आहे की अकराव्यावर ओंडका परत येताना आधी पाऊल टाकायचं असतं, म्हणून तुला लिहिलं.

आज कॉफीबरोबर दालचिनीचा पाव खाल्ला, विकतचा नाही, केला. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा.

हिल्का


वार्काउस, २१ नोव्हेंबर

राउनो,

तू माझं पत्र वाचलंस, गप्प बसलास, आणि मला पाव खाऊ दिलास.

रविवारी तेराव्यावर मी चुकले. मला माहीत होतं की चुकले. अंगठा उशिरा गेला, आणि बाई पलीकडे उभी. मी यंत्र खाली ठेवलं. धुलाईघरात चादर न बघता बोटांनी कळायचं की ओली आहे. तसंच कळलं.

या यंत्राला एक बटण आहे, ते दाबलं की मागच्या तीस सेकंदांचं चित्रीकरण साठतं, आणि मग ते एकेक चित्र पुढे सरकवत बघता येतं. मी मुद्दाम काठाबाहेर चालले, उशिरात उशिरा उडी मारली आणि मोजलं. बूट गवतावरून सुटला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सातव्याला पडायला हवी. पडली नाही. तेरापर्यंत हवेत चालली आणि मग उडाली.

तुझ्या किरकोळ दुरुस्त्या.

मी सरळ भाषेत लिहिलं होतं. तू तेच केलंस जे त्याच्याशी केलंस. मी आजारी नाही. माझा अंगठा जिथे सांगितला तिथे जातो. मी फक्त पडत होते, आणि पडता पडता शिकत होते. तेवढंही तुला बघवलं नाही.

आता दुसरं. ही चित्रणं ठेवण्याचा कप्पा मी पहिल्यांदाच उघडला. यंत्र त्याचं होतं. आत अकरा तुकडे आधीच होते. सगळे जानेवारीचे. मी आधी बघायचे नाहीत असं ठरवलं, मग बघितले. अकराही सारखेच. बाई सावकाश चालत काठावर येते, काठाबाहेर पाऊल टाकते, आणि जितकं थांबता येईल तितकं थांबून उडते. दुसरं काही नाही. फळं नाहीत, पुढे जाणं नाही. परत काठावर, परत बाहेर.

तो मोजत होता, राउनो. त्या हातांनी. बावीस त्याने अकरा वेळा मोजलेत.

तर माहीत होतं की नव्हतं यावर आता मला पत्र लिहू नकोस.

हिल्का


टाम्परे, ३० नोव्हेंबर

हिल्का,

अकरा तुकड्यांचं वाचल्यावर कार्यालयात बसवलं नाही. घरी आलो, सौना तापवला, आणि आत न जाता पायरीवर बसून राहिलो. म्हणून उशीर.

शिव्या का घातल्या नाहीत त्याने, हे मला विचारता येणार नाही. तू त्यावर लिहू नकोस म्हणालीस, आणि तो नाही.

तुला एक सांगायचंय आणि तू चिडणार आहेस. माझ्या समोर एक नकाशा असतो. लोक कुठे पडतात ते खेळ आम्हाला कळवतो, प्रत्येक पडण्याचा एक लाल ठिपका. कोण पडलं त्याचं नाव नसतं, गाव असतं. वार्काउसमध्ये हा खेळ फक्त एका यंत्रावर आहे. ऑक्टोबरभर मी सकाळी आल्यावर आधी तो बघायचो. सातव्याच्या तिसऱ्या उंचवट्यावर दोनशे बारा. त्याच जागेवर. रविवारी चर्चच्या वेळेलाही. लोक पन्नासवर सोडून देतात. दोनशे बारा, हिल्का. मार्चमध्ये तो जसा पडत होता तसंच मला परत बघावं लागत होतं, फक्त या वेळी कॉफी विचारणारं कोणी नव्हतं.

मला पडलेलं बघवत नाही. हा माझा दोष आहे, आणि त्याला दुसरं नाव द्यायचं असेल तर दे. चांगुलपणा म्हणू नकोस एवढंच. तुझ्यासाठी केलं नाही. स्वतःला सकाळी नीट बसता यावं म्हणून केलं. त्याच्या वेळीही तसंच असेल.

दुरुस्ती मागे घेणार नाही. इतर लोक तेरावर खूश आहेत, आणि मासिकवाल्यांना फरक कळलेलाही नाही. निष्ठुर आणि न्यायी म्हणे.

तुला सहा हवं असेल तर असं कर. यंत्राचं इंटरनेट तोड. यंत्रातून खेळ पुसून टाक. खोक्यातली जी छोटी पट्टी आहे तिच्यात पहिल्या दिवशीचा खेळ आहे, माझा हात लागायच्या आधीचा. ती घाल आणि पहिल्या पडद्यापासून सुरू कर. परत इंटरनेट जोडू नकोस, जोडलंस तर यंत्र दुरुस्ती ओढून घेईल.

इंटरनेट तोडलंस की तुझे ठिपके मला दिसणार नाहीत. मला माहीत आहे तुला तेच हवंय.

राउनो


वार्काउस, १३ जानेवारी

राउनो,

तुझ्या पत्राला दीड महिना झाला. मुद्दाम उत्तर दिलं नाही. नाताळात तुझं कार्डही आलं, तेही ठेवून दिलं. तुला माझ्याबद्दल काही कळू नये असं मला वाटत होतं, निदान एवढे दिवस. दोनशे बाराचा नकाशा बघणाऱ्या माणसाला तेवढी शिक्षा कमीच आहे.

तार काढली. खेळ पुसला. पट्टी घातली. सहावर, पहिल्यापासून.

खेळ स्वतःच पडणं मोजतो, तर एक हजार चारशे सहा. आता तुला कळवायला हरकत नाही, कारण परवा सकाळी साडेदहाला मी एकोणिसाव्या पडद्यावर पाय ठेवला.

आधी मी तुलाच शिव्या घातल्या. उडीचं बटण चालेना. मला वाटलं, झालं, शेवटच्या पडद्यावर राउनोची चूक. मग बघितलं तर तिथे उडी मारायला काही नाहीच. दलदल संपलेली. तळं आहे, आपल्या उन्हाळी घराचा लाकडी धक्का आहे, चौथी फळी तुटकी आहे ती तुटकीच काढलीय. धक्क्याच्या टोकाला सोळा ठिपक्यांचा माणूस पाठमोरा बसलाय. खांदे उतरते. गोल खाली जरा चपटे.

बाईला चालत नेलं. तिच्या बुटांचा आवाज फळ्यांवर वेगळा येतो. ती जवळ पोचली तेव्हा तो सरकला. दोन ठिपके, जागा करून द्यायला. बाईने बादली ठेवली आणि बसली.

आणि मग काही नाही. पाणी हलतं, तेवढंच. मी वाट बघत बसले. शेवट झाला की खेळ करणाऱ्यांची नावं येतात, ती येईनात. सगळी बटणं दाबून बघितली. दुपारी इर्मेली आली, म्हणाली, "अडकलं वाटतं तुझं यंत्र." मी म्हटलं, "नाही. असंच आहे ते." ती बराच वेळ माझ्याशेजारी बसून बघत राहिली. मग म्हणाली, "ताइस्तोचं डोकं मागून असंच दिसायचं," आणि गेली.

संध्याकाळी मला कळलं. चुकून हातातल्या यंत्राची काठी डावीकडे ढकलली गेली. बाई उठली. एक पाऊल मागे टाकलं आणि पाण्याचा आवाज थांबला, वरच्या कोपऱ्यात पहिल्या अक्षराचा काठ दिसला. मी घाईने परत उजवीकडे नेलं. तो परत दोन ठिपके सरकला, ती बसली.

एकोणीस पडदे आपण उजवीकडे जातो. अख्ख्या खेळात डावीकडे जाण्यासारखं काही नाही. इथे तिला उठून, त्याला तिथेच ठेवून, आल्या वाटेने डावीकडे जायचंय, तेव्हा खेळ संपतो. ते त्याने ठरवलं. कागद हाताने झाकून हे काढत होता तो.

दोन दिवस मी उठले नाही. यंत्र स्वतःच झोपी जातं, ते मी यादीत जाऊन बंद केलं. ते चालू आहे. काल त्याच्यासमोर जेवले, राय धान्याची भाकरी आणि माशाचं सूप. वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं, आजारपणात वाचायची तसं. वेडी झाले नाहीये. सोळा ठिपके आहेत हे मला ठाऊक आहे.

एक सांगते आणि मग हा विषय संपला. ते दोन ठिपके सरकणं चौकटीच्या कागदावर काढता येत नाही. कागदावर माणूस बसलेलाच असतो. म्हणजे एक तर त्याने तुला तोंडी सांगितलं, बोलता येत होतं तोवर, किंवा तो गेल्यावर तू एकट्याने बसून ते केलंस. त्यातलं कुठलं खरं ते मला कधीही सांगू नकोस. या वेळी तरी ऐक.

रागावलेली आहे अजून. ते शनिवार मी विसरणार नाही. पण मला पडलेलं तुला बघवत नव्हतं हे मी तीनदा वाचलं, आणि धुलाईघरात एक बाई होती, कैसू नावाची, ती रडणाऱ्या माणसाला नेहमी ओरडायची, तिला दुसरं काही येत नव्हतं. तुला फ्रेमच घालता येतात.

निळी फाइल पोस्टाने पाठवणार नाही. घ्यायला यावं लागेल. मार्चआधी ये, रस्ते गोठलेले आहेत तोवर, चिखल झाला की तुझी ती गाडी चढावर येत नाही. आणि आलास तर त्या कागदांवर माझ्यासमोर बोलायचं, मला न विचारता एक आकडा हलवायचा नाही.

आता नावं बघायची आहेत. दोनच असणार, तुझं आणि त्याचं. कुठलं आधी आहे ते बघायचंय. त्यावरून मी तुझ्याशी आणखी भांडेन की नाही ते ठरेल.

आधी हे पाकीट चिकटवते. मग उठते.

हिल्का